दुसऱ्याच्या जमिनीवरचा आंबा

शहाद्याच्या कोर्टाच्या आवारात माझं एक टेबल आहे आणि लंडनमध्ये माझ्या मैत्रिणीचं एक ऑफिस आहे. माझ्या पोटदुखीचं सगळं कारण या एका वाक्यात येतं. तरी वकील असल्यामुळे सविस्तर मांडते.

टेबल लोखंडी आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली जुन्या कागदांची घडी घातलेली. पावसाळ्यात ते ओट्यावर ओढून घ्यावं लागतं. माझ्याकडे माणसं येतात ती वारसनोंद, पोटगी, जामीन आणि बांधाची भांडणं घेऊन. मैत्रिणीच्या ऑफिसचा फोटो मी पाहिला आहे. एकदा नाही, पुष्कळदा. काचेची भिंत, तिच्यामागे नदी, आणि टेबलावर एकही कागद नाही. वकिलाच्या टेबलावर कागद नाही, हे मला सगळ्यांत जास्त झोंबलं.

ती आंतरराष्ट्रीय व्यापाराचे करार पाहते. एका देशातून निघालेला माल दुसऱ्या देशात पोचण्याआधी तिसऱ्याच देशातल्या बंदरात कुजला, तर भरपाई कुणी द्यायची आणि भांडण कुठल्या देशात चालवायचं, असल्या भानगडी. आधी मुंबई, मग सिंगापूर, मग लंडन. पुढे तिने दोन-तीन कॉम्प्युटरवाले हाताशी धरून करार वाचणारं सॉफ्टवेअर काढलं. माणसाला आठवडा लागेल एवढा जाडजूड करार ते चहा गाळून होईपर्यंत वाचतं आणि कुठल्या कलमात खोट आहे ते लाल करून दाखवतं. तिची मुलाखत छापून आली तेव्हा आमच्या बार रूममध्ये एका ज्येष्ठ वकिलांनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याच वर्गातली ना?" मी हसले. घरी जाऊन भाजी करपवली.

आम्ही धुळ्याला लॉ कॉलेजात असताना होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती नंदुरबारची, मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी. मुसलमान घर, चार पिढ्यांपासून गावात. वडील दिवसभर मिरची वाळवायच्या मैदानावर, म्हणजे पथारीवर. त्यामुळे तिच्या कपड्यांना, वह्यांना, डब्याला, सगळ्याला मिरचीचा खकाणा यायचा आणि पहिला महिनाभर मी शिंकत होते. मी धडगावच्या वरच्या बाजूच्या एका पाड्यातली, पावरा घरातली, आश्रमशाळेतून वर आलेली. घरी पावरी बोलायचे, शाळेत मराठी शिकले, आणि अहिराणी तिच्या तोंडून उचलली. आजही आम्ही दोघी अहिराणीतच बोलतो. तिने माझ्याकडून काय उचललं असेल तर करार कायदा. त्या विषयात पहिली मी यायचे. ती तिसरी-चौथी.

शेवटच्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या वकिली फर्मकडून दोघींना मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी मी ताप आल्याचं सांगितलं. ताप नव्हता. इंग्रजीत काही विचारलं तर आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही, ही भीती होती. ती गेली. जाताना माझी कराराची वही मागून घेऊन गेली. नंतर कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत असे की ती माझ्या वहीच्या जोरावर मुंबईला गेली. ते खोटं नव्हतं. पण वही तर माझ्याजवळही होतीच की.

मत्सर हा रोजचा पाहुणा झाला की त्याची सवय होते. तिचे फोटो आले की मी ते बघायचे नाही असं ठरवायचे आणि मग बघायचे. तिने पांढरा कोट घातला की म्हणायचे, जाड झाली. एकटी फिरायला गेली की म्हणायचे, संसार नाही धड. माझा तरी कुठे धड आहे? पण स्वतःच्या खटल्यात उलटतपासणी कोण घेतं! आपल्याकडे म्हणतात, पिकतं तिथे विकत नाही. मी ही म्हण स्वतःबद्दल वापरायचे. आपण फार पिकलोय, असं मला वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वी, होळीच्या थोडं आधी, ती माझ्या टेबलासमोर पक्षकाराच्या स्टुलावर येऊन बसली. कळवलं नाही, काही नाही.

"वकिलीणबाई, वळखं का माले?" म्हणाली.

ओळखली नाही असं म्हणायची जबर इच्छा झाली. पण तोवर आजूबाजूच्या टेबलांवरचे वकील उठून आले होते. ज्या चहावाल्याला मी दोन हाका मारते तेव्हा कुठे तो मान वळवतो, तो न सांगता दोन कप घेऊन आला आणि तिच्यापुढे बिस्किटंही ठेवली. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुन्हं बरं शे बाई, उघडा वारामा बठेल शे. मी तठे काचना घरमा कोंडायेल शे." तिने हे मनापासून म्हटलं असेल. मला मात्र वाटलं, पोट भरलेल्या माणसाने उपाशाला म्हणावं की तुझं बरं आहे, अजीर्ण होत नाही.

तिने लॅपटॉप उघडला आणि सॉफ्टवेअर दाखवलं. आता ते मराठीही वाचतं, म्हणाली. एखादा कागद दे. मी माझ्या हाताने केलेलं एक साठेखत दिलं. मला अभिमान होता त्याचा. यंत्राने ते वाचलं आणि दोन जागा लाल केल्या. एका ठिकाणी चतुःसीमेत पूर्व आणि पश्चिमेला एकच शेजारी पडला होता. तो शेतकरी आणि मी, दोघांनीही तीनदा वाचूनही ते आम्हाला दिसलं नव्हतं. मागे उभ्या असलेल्या ज्युनिअर वकिलाला हसू आलं. मी म्हटलं, टायपिस्टची चूक. टायपिस्ट मीच होते.

तिचं काम असं होतं. परदेशातल्या एका मसाल्याच्या कंपनीला सातपुड्यातला आमचूर हवा होता. आमच्या डोंगरात उन्हाळ्यात घरोघरी बायका कैऱ्या सोलतात, फोडी करतात, खडकावर वाळवतात आणि मोलगीच्या बाजारात नेऊन व्यापाऱ्याला देतात. फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव, पाऊस लागून काळ्या पडल्या तर जे मिळेल ते. परदेशी कंपनी बायकांच्या गटाकडून थेट घेणार होती, पण तिची अट एकच: कुठल्या पोत्यातला माल कुठल्या झाडाचा, ते झाड कुठल्या जमिनीवर, आणि जमीन कुणाची, हे कळलं पाहिजे. चोरीचा किंवा जंगलातून बेकायदा आणलेला माल चालणार नाही. मैत्रिणीने त्यासाठी नव्या तऱ्हेचा करार केला होता. तो वाचायचा नव्हता, ऐकायचा होता. फोनमधून करार पावरीत बोलणार, एकेक कलम झालं की थांबणार, बाईला पटलं तर तिने काचेवर अंगठा ठेवायचा. कैऱ्या उतरवताना झाडाखाली उभं राहून फोटो काढायचा. फोटो कुठे काढला ते फोनला आपोआप कळतं, आणि यंत्र ती जागा जमिनीच्या कागदाशी ताडून बघतं.

"पावरी बोलनारी वकील माले दुनियामा एकच माहीत शे," ती म्हणाली. "तुन्हाशिवाय हाई काम कोनी करी सकत नही."

ज्या डोंगरातून मी आले त्याच डोंगरात ती जगातली मोठी वकील होऊन जाणार आणि मी तिची दुभाषी. मी गोड हसून हो म्हणाले.

धडगावपर्यंत बस, पुढे मोलगीच्या रस्त्याला जीप. माणसं आत, टपावर आणि मागच्या पायरीवरही. गाडी करून जाऊ म्हटलं तर ती ऐकेना. घाटात तिला दोनदा ओकारी झाली. मी तिची पाठ चोळली, पाण्याची बाटली धरली, आणि मला मनातून बरं वाटत होतं.

गटाची प्रमुख माझी मोठी बहीण होती. मोलगीच्या अलीकडे एका पाड्यात तिचं सासर. तिने चौथीनंतर शाळा सोडली, कारण घरी गुरांमागे कुणीतरी हवं होतं आणि मी धाकटी होते. अंगणात पंचवीसेक बायका जमल्या होत्या. मैत्रीण चप्पल काढून सरळ शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. मी पँटला माती लागेल म्हणून खाटेच्या कडेला टेकले. तिने नागलीची भाकरी मागून घेतली, लसणाच्या चटणीसोबत खाल्ली आणि आणखी मागितली. कैऱ्या सोलून बघितल्या, बोट कापून घेतलं, स्वतःच हसली. बायका तिच्यावर खूश. बहीण मला आमच्या बोलीत म्हणाली, "ही तुझ्याहून बरी. तू वकील झाल्यापासून माझ्या अंगणात खाली बसली नाहीस."

मग करार सुरू झाला. माझा आवाज घ्यायचा होता. मी एकेक कलम पावरीत सांगायचं आणि फोनने ते साठवायचं. सहाव्या की सातव्या कलमाला आलो. मूळ मजकूर असा होता की माल पुरवणारी बाई स्वतःच्या कुटुंबाच्या जमिनीवरच्या आंब्यांच्याच कैऱ्या देईल, आणि त्या जमिनीचा सातबारा किंवा वनपट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा कागद, जोडील.

मी ते कलम बोलायला तोंड उघडलं आणि थांबले.

आमच्या डोंगरात जमीन वेगळी आणि झाड वेगळं. आंबा आणि मोह यांची मालकी जमिनीबरोबर जात नाही. भावाभावांत वाटणी झाली, उतार एकाच्या वाट्याला गेला, तरी त्या उतारावरचा आंबा दुसऱ्याचा असू शकतो, आणि ज्याची जमीन आहे तोही त्या झाडाची एक कैरी तोडत नाही. त्याचा कागद नसतो. सगळ्या पाड्याला तोंडपाठ असतं की कुठला आंबा कुणाचा. आमच्या बापाने हयात असताना बहिणीला एक आंबा दाखवून दिला होता. गावच्या पुजाऱ्यासमोर तिचा हात खोडावर ठेवला आणि म्हणाला, हा तुझा. मी तेव्हा तिथेच होते, तिच्या लुगड्याचा पदर धरून. मी विचारलं, मला कुठला? बाप म्हणाला, तुला शाळा दिली. पुढे तो उतार वाटणीत चुलतभावाकडे गेला, त्याच्या नावाने वनपट्टा झाला. आंबा बहिणीचाच राहिला. दर उन्हाळ्यात ती माहेरी येऊन तो उतरवते आणि चुलतभाऊ शिडी धरतो.

नंदुरबारच्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही. सपाटीवरचा वकील मालक म्हटलं की सातबारा बघतो. एवढी मोठी वकील, एवढं हुशार यंत्र, आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं की डोंगरात झाड जमिनीचं नसतं. मला ठाऊक होतं. त्या अंगणात ते कायद्याच्या भाषेत सांगू शकणारी मी एकटी होते.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? खूप वर्षांनी एवढा आनंद झाला. काचेच्या भिंतीमागे बसून जगाचे करार वाचणारीने माझ्या बापाच्या उतारावर ठेच खाल्ली होती आणि ते मला दिसलं होतं, तिला नाही.

मी कलम जसंच्या तसं बोलले. जमीन कुणाची, कागद कुठला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हळूच विचारलं, झाडाचं नाही विचारत? मी म्हटलं, विचारलंय तेवढंच सांगा. वकिलीणबाईने सांगितलं म्हटल्यावर संपलं. सगळ्यांनी नवऱ्याच्या जमिनीचे कागद दिले. बहिणीनेही दिला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग अंगठा ठेवला.

संध्याकाळी निघताना मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. "काही ऱ्हायनं का? तुले काही खटकी ऱ्हायनं व्हई ते आते सांग. माले डोंगर समजत नही."

"नही," मी म्हटलं. "सगळं बरोबर शे."

माझा हिशेब साधा होता. कैऱ्या उतरतील, जागा आणि कागद जुळणार नाहीत, यंत्र गोंधळेल, परदेशी कंपनीपुढे तिची शोभा होईल. मग ती मला फोन करील आणि मी तिला शांतपणे, एखाद्या प्राध्यापकासारखं, डोंगरातला कायदा समजावून सांगीन. बार रूममध्ये ती गोष्ट कशी सांगायची, तेही मी ठरवून ठेवलं होतं. यात बायका कुठेच नव्हत्या. मला दिसत होती ती फक्त लाल झालेली स्क्रीन आणि तिच्यासमोर तिचं तोंड.

उन्हाळ्यात मी दोनदा पाड्यावर जाऊन आले. त्या वर्षी वळवाने त्रास दिला नाही आणि फोडी अशा पांढऱ्या निघाल्या की बायका एकमेकींना हातात घेऊन दाखवत होत्या. बहिणीने आपल्या आंब्याची पोती वेगळी ठेवली होती. त्या झाडाची कैरी आंबट आणि दळदार, तिचा आमचूर सगळ्यांत चांगला. ती म्हणाली, बापाचं झाड बोटीत बसून जाणार.

मालाची तपासणी मोलगीच्या बाजाराच्या दिवशी ठेवली होती. तपासनीस एक तरुण माणूस होता, बाहेरून आलेला, हातात टॅब. एकेका पोत्यावरचा, झाडाखालच्या फोटोशी जोडलेला शिक्का तो टॅबला दाखवायचा. हिरवं आलं की पोतं गाडीत, लाल आलं की बाजूला. पहिली पाच-सहा हिरवी. मग बहिणीची आली. सगळी लाल. त्याने टॅबवरचं वाचलं आणि मराठीत, जरा मोठ्याने, बाजाराच्या मधोमध म्हणाला, "हा माल तुमच्या जमिनीवरचा नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरून तोडलाय."

तो वाईट माणूस नव्हता. स्क्रीनवर होतं ते त्याने वाचलं. पण बाजारात त्या दिवशी वीस पाड्यांची माणसं होती. आमच्याकडे दुसऱ्याच्या झाडाची कैरी तोडणं ही फार खालची गोष्ट आहे. माणूस भांडणात डोकं फोडतो त्याला पंच बसून माफ करतात. झाड चोरणाऱ्याच्या घरी सोयरीक करायला लोक दोनदा विचार करतात. बहिणीने पोत्यांकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. तिची मोठी मुलगी त्याच वर्षी लग्नाची होती. आणखी तिघी-चौघींची पोती लाल निघाली, पण त्या गटाच्या प्रमुख नव्हत्या. लोकांनी बघितलं ते बहिणीकडे. कुणीतरी मागून म्हटलं, प्रमुखच अशी, मग बाकीच्यांचं काय.

मी तिथे होते. मला तोंड उघडून चार वाक्यं बोलायची होती. माझ्या धंद्याचं नावच बोलणं आहे. मी त्या तपासनिसाला कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की हा तांत्रिक मुद्दा आहे, तुमच्या वरिष्ठांशी बोलावं लागेल. हळू आवाजात. कारण मोठ्याने सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की हे तुम्हाला माहीत होतं, तर मग करारात कसं नाही?

बहीण पोती परत घेऊन गेली. गटात पुढचे दिवस तिच्याशी कुणी भांडलं नाही, पण कैऱ्या सोलायला तिच्या अंगणात यायच्या त्या बायका दुसरीच्या अंगणात बसायला लागल्या. चुलतभाऊ घरोघरी सांगत फिरला की आंबा तिचाच आहे, मीच शिडी धरली. लोक म्हणायचे, हो, आम्हालाही माहीत आहे, पण मशीन खोटं कशाला सांगेल? स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलेल्या झाडापेक्षा त्यांना ती लाल खूण जास्त खरी वाटली. मुलीला बघायला येणारे आले नाहीत.

मी मैत्रिणीला फोन केला नाही. तिला कंपनीच्या अहवालातून कळलं आणि आठव्या दिवशी ती लंडनहून निघून पाड्यावर आली. नंदुरबारहून थेट गाडीने वर गेली, वाटेत मोलगीला बहीण भेटली तिला बसवून घेतलं. मला नुसता निरोप पाठवला की ये. मी पोचले तेव्हा अंगणात सगळ्या बायका होत्या, चुलतभाऊ होता, पंच होते, आणि त्या दिवशीच्या बाजारातले पुष्कळ लोकही. मैत्रीण उभी राहिली. मला म्हणाली, मी मराठीत बोलते, तू पावरीत सांग.

तिने सांगितलं की चोरी कुणीही केलेली नाही. चूक करार लिहिणाऱ्याची आहे, आणि करार मी लिहिला. मी जमीन विचारली, झाड विचारलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर आपलं झाड जपलं तिला माझ्या यंत्राने बाजारात चोर म्हटलं, त्याची मी तिची आणि तुमची सगळ्यांची माफी मागते. मग ती बहिणीपुढे वाकली आणि तिचे पाय धरले. लंडनच्या वकिलीणबाईने पाय धरले हे बघून एका म्हाताऱ्याने डोक्यावरचं फडकं काढलं.

हे सगळं मी एकेक वाक्य पावरीत सांगितलं. तिची माफी माझ्या तोंडून. आणि विश्वास ठेवा, त्या क्षणीही माझ्या मनात पहिली जी भावना आली ती शरमेची नव्हती. वाटलं, हेसुद्धा हिलाच जमावं! न केलेली चूक सगळ्यांसमोर आपली म्हणून घ्यायची, आणि त्यातही मोठंच दिसायचं. मला माझी स्वतःचीही घेता येत नव्हती.

मग एका पंचाने विचारलं. सरळ प्रश्न होता, आमच्या बोलीत. "ही बाई परक्या गावची, तिला माहीत नसेल. पण इथे त्या दिवशी आपलीच वकील बसली होती. तिने का नाही सांगितलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मैत्रिणीला भाषा कळत नव्हती, तीही बघायला लागली, भाषांतराची वाट बघत.

बहीण उठली. म्हणाली, "तिने विचारलं होतं. मला विचारलं होतं, झाडं वेगळी आहेत का ते लिहायचं का म्हणून. मीच म्हटलं, राहू दे, कागद वाढतील. चूक माझी आहे."

पंचाने मान हलवली. लोक आपसात बोलायला लागले. मैत्रिणीने मला विचारलं, "काय म्हने ताई?" मी सांगितलं, "म्हणते, झालं गेलं जाऊ द्या." तेही खोटं.

नंतर दोन दिवस मैत्रीण बायकांबरोबर उतारांवर फिरली. एकेका आंब्यापाशी थांबायचं, झाड कुणाचं ते त्या बाईने सांगायचं, जमीनवाल्याने हो म्हणायचं, दोघांचे अंगठे घ्यायचे. सॉफ्टवेअरमध्ये झाडाचा वेगळा रकाना आला. पोती नव्या शिक्क्याने गेली. बापाच्या आंब्याचा आमचूर बोटीत बसला असेल. मी दोन्ही दिवस मागून चालत होते आणि विचारलं तेवढंच भाषांतर करत होते.

निघायच्या दिवशी सकाळी बहीण अंगणात राहिलेल्या कैऱ्या सोलत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले, जमिनीवर. म्हटलं, मी जाऊन हिला सगळं सांगते. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम गप्प बसले, हे सांगते. तू माझ्यासाठी खोटं बोललीस तेही सांगते.

ती सोलायची थांबली नाही. म्हणाली, "नको सांगूस. मोलगीहून गाडीत येताना ती सगळा रस्ताभर मला तुझंच सांगत होती. मला तिचं अर्धंच कळलं. म्हणत होती, एवढे देश फिरले, एवढे वकील बघितले, पण तुझ्या बहिणीइतकी सरळ वकील मी कुठे पाहिली नाही."

मी पुढ्यातली एक कैरी सोलायला घेतली.

"राहू दे तिला तसंच वाटत," बहीण म्हणाली. "तुझ्याबद्दल असं म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे."